यादी लागेपर्यंत आणि यादी लागल्यावर

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात, गुणगौरव समारंभाच्या प्रसंगी बारामती येथे केलेले भाषण)



मंडळाच्या चिटणीसांनी मला आज्ञा केली की, गुणगौरवाचा कार्यक्रम आहे, तरी विद्यार्थ्यांना उपदेशाचे चार शब्द सांगावेत. आज्ञा शिरसावंद्य मानून मी येथे उभा राहिलो आहे. मी विद्वान नव्हे. जुन्या अकरावीची मॅट्रिक, तिच्यावर अध्यापनाची पदविका आणि जिल्हा परिषदेच्या शाळांतून अडतीस वर्षे झिजवलेला खडू, एवढीच माझी शिदोरी. तथापि या अडतीस वर्षांत मुलांना शिष्यवृत्ती परीक्षेस बसविण्याचे काम मी जवळजवळ दरवर्षी केले आणि दरवर्षी त्यांच्याबरोबर निकालाची वाटही पाहिली. या अनुभवाच्या बळावर आज जे बोलणार आहे, ते विद्यार्थ्यांपेक्षा त्यांच्या मातापित्यांना आणि खुद्द आपल्या मंडळाला उद्देशून आहे. त्यात कोणास कटुता वाटली, तर म्हाताऱ्या शिक्षकाची सवय म्हणून क्षमा करावी.

प्रथम माझीच हकीकत सांगतो. १९६८ साली मी इंदापुरात चौथीत होतो. वडिलांचे पेठेत एका ओसरीवर शिलाईचे यंत्र होते. आम्ही पाच भावंडे. गुरुजींनी मला शिष्यवृत्तीला बसविले. परीक्षा झाली आणि वाट पाहणे सुरू झाले. त्या काळी निकाल टपालाने शाळेत येई. मी रोज पोस्टमनच्या मागे मागे फिरे. पुढे उन्हाळा सरला, आषाढवारी जवळ आली, तुकोबांची पालखी इंदापुरात मुक्कामाला येऊन पुढे सराटीकडे गेली, तरी माझा निकाल आला नाही. शेवटी एके दिवशी आला. त्यात माझे नाव नव्हते.

मी घरी येऊन यंत्राच्या आडोशाला बसलो. वडील काही बोलले नाहीत. त्यांनी एक सदरा माझ्यापुढे टाकला आणि म्हणाले, "एवढी काज-बटणे कर." मी रडत रडत ती केली. सदरा घडी करताना ते म्हणाले, "कापड कमी पडले तर आपण गिऱ्हाईक परत पाठवतो का? जोड देतो. तुझ्या शाळेलाही जोड देऊ." पुढे वार्षिक बाराशे रुपयांपेक्षा कमी उत्पन्न असणाऱ्यांसाठी यशवंतराव चव्हाणांच्या कारकिर्दीत सुरू झालेल्या ई.बी.सी. सवलतीची जोड मिळाली, सुटीत केलेल्या काज-बटणांची मिळाली, आणि मी मॅट्रिक झालो. परंतु त्या दिवशी वडील माझ्यावर संतापले असते, किंवा शेजाऱ्याच्या मुलाचे नाव घेऊन टोमणा मारते, तर मी पाचवीच्या वर्गात पाऊल टाकले असते की नाही, हे मला आजही खात्रीने सांगता येत नाही.

आता या परीक्षेविषयी थोडे व्यवस्थित सांगतो, कारण जी गोष्ट नीट ठाऊक नसते तिचेच भय फार वाटते. आपल्या राज्यात ही शिष्यवृत्ती योजना १९५४-५५ पासून चालत आली आहे. अनेक वर्षे परीक्षा चौथी व सातवीला होती. पुढे २०१६-१७ पासून ती पाचवी व आठवीला झाली आणि २०२५ साली शासनाने ती पुन्हा चौथी व सातवीला लावण्याचा निर्णय केला. पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद ती घेते. दोन पेपर, प्रत्येकी ७५ प्रश्न आणि १५० गुण. पहिल्यात प्रथम भाषा व गणित, दुसऱ्यात तृतीय भाषा व बुद्धिमत्ता. प्रत्येक पेपरात शेकडा ४० गुण मिळविणारा विद्यार्थी पात्र ठरतो. येथे पुष्कळ पालकांचा घोटाळा होतो. पात्र ठरणे निराळे आणि शिष्यवृत्ती मिळणे निराळे. शिष्यवृत्तीचे संच ठराविक असतात, ग्रामीण व शहरी विभागांना ते वेगवेगळे वाटलेले असतात, आणि गुणवत्तेच्या क्रमाने जेवढे संच तेवढ्यांनाच ती मिळते.

२०२५ च्या फेब्रुवारीत झालेल्या पाचवीच्या परीक्षेचे आकडे ध्यानात घ्यावेत. सुमारे साडेपाच लक्ष मुले बसली. त्यांतील सुमारे एक लक्ष तीस हजार पात्र ठरली. शिष्यवृत्ती मिळाली ती सोळा-सतरा हजारांना. म्हणजे बसलेल्या चारांत एक पात्र आणि तेहतीसांत एक शिष्यवृत्तिधारक. वर्गातील तेहतीस मुले डोळ्यांसमोर आणा. त्यांतील एकाच्या गळ्यात हार पडतो. उरलेली बत्तीस मुले मूर्ख असतात काय? त्यांच्यापैकी कित्येकांचे गुण हार पडलेल्या मुलाच्या गुणांहून दोन-चारांनीच कमी असतात. एखाद्या बेरजेत हातचा विसरला, एखाद्या प्रश्नाचा गोल शेजारच्या रकान्यात काळा केला, की संपले. एवढ्यावरून दहा-अकरा वर्षांच्या जीवाची किंमत ठरविणे हा न्याय नव्हे.

दुसरी परीक्षा आठवीची, राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची. ही केंद्र शासनाची योजना २००८ साली सुरू झाली. देशभरात दरवर्षी एक लक्ष शिष्यवृत्त्या, त्यांपैकी महाराष्ट्राच्या वाट्याला ११,६८२. शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या व अनुदानित शाळांतील मुलांनाच ती खुली आहे. पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लक्षांच्या आत असावे लागते. नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये, म्हणजे चार वर्षांत ४८,००० रुपये मिळतात. आपल्या ज्ञातीतील बहुसंख्य घरे या मर्यादेत बसतात, तरीही अनेकांना या परीक्षेचे नावदेखील ठाऊक नसते, हे मी खेदाने नमूद करतो.

आता वाट का पाहावी लागते ते पाहू. "परीक्षा फेब्रुवारीत झाली, मग निकालाला जुलै कशाला हवा?" असे पालक रागाने विचारतात. प्रथम तात्पुरती उत्तरसूची प्रसिद्ध होते. तिच्यावर हरकती मागवितात. हरकतींचा विचार होऊन अंतिम सूची ठरते. मग लक्षावधी उत्तरपत्रिका यंत्रावर तपासल्या जातात आणि अंतरिम निकाल लागतो. त्यावर गुणपडताळणीचे अर्ज घेतात. ते निकालात निघाले म्हणजे अंतिम निकाल आणि गुणवत्ता यादी. २०२४ व २०२५ या दोन्ही वर्षी अंतिम निकाल जुलैत लागला. प्रत्येक पायरी आपल्याच मुलांच्या हिताची आहे. हरकत घेण्याची मुभा नसती, तर चुकीच्या उत्तरसूचीने कित्येकांचे नुकसान झाले असते. तेव्हा विलंब म्हणजे दर वेळी अन्यायच असे समजू नये, आणि पडताळणीचा अर्ज करायचा तर मुदतीत करावा. मुदत टळल्यावर शिक्षकांच्या दारी येऊन उपयोग नसतो.

या चार-पाच महिन्यांत घराघरांत काय चालते, ते मी पाहिले आहे. परीक्षेहून मूल घरी आले, की बाप उत्तरसूची घेऊन बसतो. एक एक प्रश्न विचारून गुण मोजतो. मुलाला आठवत नाही तेव्हा डाफरतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजतो. मूल भीतीने मागचे उत्तर बदलून सांगते. खोटे बोलण्याचा पहिला धडा असा आपणच शिकवितो. मग आत्या येते, मामा येतो, गिऱ्हाईक येते, आणि प्रत्येकापुढे "आमच्या बाळ्याचे नक्की आहे" असे सांगितले जाते. बाळ्या कोपऱ्यात ऐकत असतो. नक्की आहे असे गावभर झाल्यावर नक्की न झाले तर तोंड कोठे लपवायचे, हा विचार त्याच्या मनात त्या दिवसापासून घर करतो. मोठी माणसे कर्जाची वाट पाहतात, पिकाची पाहतात. नीरा डाव्या कालव्याच्या पाळीची वाट पाहण्यात आपल्या भागातील शेतकऱ्याची हयात जाते. त्याला वाट पाहण्याची सवय झालेली असते. लहान मुलाला ती नसते. त्याला वाटते, सारा गाव आपल्याचकडे पाहत आहे.

आणि आता मी माझा स्वतःचा एक अपराध आपणासमोर कबूल करतो. गेली कित्येक वर्षे तो मनात सलतो आहे.

उजनीच्या फुगवट्याकाठच्या एका गावी मी शिक्षक होतो. धरणात जमिनी गेलेल्या माणसांचे ते गाव. १९८७ साल असावे. चौथीची तीन मुले मी शिष्यवृत्तीला बसविली होती. तिघेही हुशार. पहाटे कंदिलाच्या उजेडात मी त्यांच्याकडून गणिते सोडवून घेई. त्यांतला एक मुलगा आपल्याच ज्ञातीतला, बाप गावोगावच्या बाजारात कपडे शिवणारा. निकाल लागला. दोघांना शिष्यवृत्ती मिळाली, आपला मुलगा थोडक्यात राहिला. मला आनंदाचे भरते आले. गावच्या शाळेला प्रथमच यश मिळालेले. मी फळ्यावर रंगीत खडूने दोन नावे लिहिली, दोघांना हार घातले, ढोल मागविला, गावातून मिरवून आणले, पेढे वाटले. तिसरा मुलगा दिवसभर शाळेच्या खिडकीशी उभा होता. त्या दिवशी मी त्याच्याशी एक शब्दही बोललो नाही. त्याच्यावर माझा राग होता असे नव्हे. आनंदात मला तो दिसलाच नाही.

पुढचे पंधरा-वीस दिवस तो शाळेत आला नाही. नंतर आला, परंतु पूर्वीसारखा हात वर करून उत्तर देईनासा झाला. सातवी झाली आणि तो बापाच्या यंत्रावर बसला. मी मनाची समजूत घातली, की घरची परिस्थितीच तशी होती.

दोन-तीन वर्षांपूर्वी भिगवणच्या बाजारात एका दुकानातून कोणी "गुरुजी" अशी हाक मारली. तोच मुलगा. आता केस पिकलेले, शाळांचे गणवेश शिवण्याचा व्यवसाय, दोन यंत्रे, हाताखाली एक माणूस. त्याने खुर्ची दिली, चहा मागविला, पाया पडला. मुलगी पाचवीत असून शिष्यवृत्तीला बसली असल्याचे सांगितले. मी म्हणालो, "वा, वा. नक्की मिळेल." तो थोडा वेळ गप्प राहिला. मग हातातली कात्री खाली ठेवून म्हणाला, "गुरुजी, एक विनंती आहे. यादी लागेल त्या दिवशी घरी या. तिचे नाव असो-नसो, या."

बंधुभगिनींनो, छत्तीस वर्षांनी मला उत्तरपत्रिका परत मिळाली. तिच्यावर किती गुण होते ते मी आपणास सांगण्याची आवश्यकता नाही.

यादी लागली त्या दिवशी मी एस.टी.ने भिगवणला गेलो. मुलगी पात्र ठरली होती, शिष्यवृत्तीच्या यादीत मात्र तिचे नाव नव्हते. मी पेढे नेले होते. घरात शिरताच मुलीने बापाकडे पाहिले, बापाने माझ्याकडे पाहिले. मी तिला म्हणालो, "पोरी, वही आण." तिने गणिताची वही आणली. तास-दीड तास आम्ही अपूर्णांकांची उदाहरणे पाहिली. दोन ठिकाणी तिचे चुकत होते, ते तिला दाखविले. निघताना ती म्हणाली, "आजोबा, पुन्हा कधी येणार?" आज ती शाळेत आहे, आणि आठवीच्या परीक्षेला बसायचे म्हणते. मिळेल की नाही, ते मी आता सांगत नाही. मी तसे सांगणे सोडून दिले आहे.

स्पर्धेने शिष्यवृत्ती देण्याच्या पद्धतीतील हा दोष आपल्याकडच्या थोर माणसांनी फार पूर्वी ओळखला होता. आपल्या शेजारच्या पुरंदर तालुक्यातील खानवडीशी ज्यांच्या घराण्याचा संबंध, त्या महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे जे निवेदन सादर केले, त्यात सरकारी शिष्यवृत्त्यांचा विषय आहे. त्यांचे म्हणणे असे होते की, स्पर्धेने शिष्यवृत्ती देणे वरवर न्यायाचे दिसले, तरी ज्या वर्गांत विद्येचा प्रसार झालेला नाही त्यांच्यात तो त्यामुळे होत नाही, म्हणून काही शिष्यवृत्त्या अशा वर्गांसाठी ठेवाव्यात. या गोष्टीस १४० वर्षे उलटून गेली. आज राखीव जागा आहेत, उत्पन्नाच्या मर्यादेच्या योजना आहेत, परंतु ज्या घरात मुलाला अभ्यासाला स्वतंत्र कोपरा नाही आणि ज्या घरात शिकवणीला हजारो रुपये मोजले जातात, त्या दोन्ही घरांतील मुले अजूनही एकाच यादीत मोजली जातात.

दुसरे उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे. १९१३ साली महाराज सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले, हे सर्वांना ठाऊक आहे. त्यानंतरचा भाग आपण मुलांना सांगत नाही. तेथून ते लंडनला शिकावयास गेले, परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपली, आणि १९१७ साली अभ्यास अर्धा टाकून त्यांना परत यावे लागले. अशा वेळी एखादा खचला असता. त्यांनी मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अध्यापन केले, पगारातून पैसा शिल्लक टाकला, शाहू महाराजांचे साहाय्य व एका मित्राचे कर्ज घेतले, आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला जाऊन अभ्यास पुरा करून आले. शिष्यवृत्ती संपली म्हणून विद्या संपली नाही. मात्र हेही ध्यानात धरावे, की त्या मधल्या काळात मदतीचा हात देणारी माणसे त्यांना भेटली. ती भेटली नसती तर?

येथे मी आपल्या मंडळाकडे वळतो. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली, ती अशीच मधली पोकळी भरून काढण्यासाठी. यादीत नाव नसलेल्या मुलाने कमवावे आणि शिकावे. वसतिगृहातील मुलांच्या मुखी घास पडावा म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. आपण दागिने मोडण्याची गरज नाही. परंतु दरवर्षी या व्यासपीठावर आपण काय करतो? यादीतील मुलांना बोलावतो, शाल-श्रीफळ देतो, छायाचित्र काढतो आणि ते स्मरणिकेत छापतो. ते अवश्य करावे. गुणांचे कौतुक झालेच पाहिजे. मात्र त्या वेळी या सभागृहात मागच्या रांगांत काही मुले बसलेली असतात, ज्यांनी तीच परीक्षा दिलेली असते. आजही ती बसली आहेत. त्यांच्यातील काही माना खाली घालून आहेत, ते मला येथून दिसते. जो अपराध मी १९८७ साली एका खेड्यात केला, तोच आपण दरवर्षी मोठ्या थाटाने करीत आहोत, असे मी नम्रपणे परंतु स्पष्टपणे सांगतो.

केवळ दोष दाखवून बसणे शिक्षकाला शोभत नाही. म्हणून चार सूचना करतो.

पहिली सूचना. पुढील वर्षापासून जे जे मूल शिष्यवृत्ती परीक्षेस बसले, त्या प्रत्येकाचे नाव या सभेत वाचावे आणि प्रत्येकास एक पुस्तक द्यावे. यादीतील मुलांना हार अधिक घालावा, त्याला हरकत नाही. परंतु कोणीही रिकाम्या हाताने परत जाऊ नये.

दुसरी सूचना कागदपत्रांची. शिष्यवृत्ती मिळूनही पैसा हाती न आलेली मुले मी पाहिली आहेत. एका मुलीचे नाव शाळेच्या दप्तरात एक, आधारकार्डावर दुसरे, आणि बँकेच्या पासबुकात तिसरे. तिची रक्कम वर्षभर अडकली. आठवीच्या शिष्यवृत्तीला तर दरवर्षी नूतनीकरणाचा अर्ज भरावा लागतो, दहावीला शेकडा ६० गुण टिकवावे लागतात. मिळाली म्हणून निर्धास्त बसलेल्याची शिष्यवृत्ती हातची जाते. म्हणून निकालाची वाट पाहण्याचे जे रिकामे महिने, तेच कागद नीट करण्याचे महिने समजावेत. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, आधारशी जोडलेले बँक खाते, तिन्ही ठिकाणी एकसारखे नाव. मंडळाने मे महिन्यात एक दिवस बारामतीला आणि एक दिवस इंदापुरला यासाठी बसावे. आपल्यात नोकरीतून निवृत्त झालेले कितीतरी लोक आहेत. आम्हाला दुपारी झोपेखेरीज दुसरे काम नसते.

तिसरी सूचना निधीची. जी मुले महाविद्यालयांत शिकतात, त्यांची शिष्यवृत्तीची रक्कम कित्येकदा वर्ष सरता सरता हाती येते. फी, वसतिगृह, खानावळ यांना मात्र वाट पाहता येत नाही. मंडळाने बिनव्याजी आगाऊ रक्कम द्यावी आणि शिष्यवृत्ती जमा झाल्यावर ती परत घ्यावी. हे दान नव्हे, जोड आहे. एकाने परत केलेला पैसा दुसऱ्याच्या उपयोगी पडेल. या निधीस आरंभ म्हणून माझ्या निवृत्तिवेतनातून ११,००० रुपये मी आजच खजिनदारांकडे देत आहे.

चौथी सूचना मातापित्यांना, आणि तीच सर्वांत महत्त्वाची. हिशेब नीट करा. पाचवीची शिष्यवृत्ती २०२३ नंतर वाढली, तरी ती वर्षाला ५,००० रुपये, म्हणजे महिन्याला चारशे सोळा रुपये. आठवीची वर्षाला ७,५००, म्हणजे महिन्याला सव्वासहाशे. ही रक्कम गरिबाला लहान नाही, तिचा मान राखावा. परंतु महिना चारशे सोळा रुपयांसाठी मुलाचा आत्मविश्वास गहाण टाकावा, एवढी ती मोठीही नाही. मुलाने पहाटे उठून वर्षभर जे गणित केले, जी भाषा वाचली, ती यादीत नाव नसले म्हणून परत द्यावी लागत नाही. ती त्याचीच राहते. म्हणून परीक्षेहून आल्यावर एकदा विचारा, "पेपर कसा गेला?" आणि तेथे थांबा. गुण मोजू नका. गावात बोलू नका. मिळणाऱ्या पैशावर आधीच सायकल ठरवू नका. यादी लागेल त्या दिवशी मात्र घरी असा. त्या दिवशी एक गिऱ्हाईक परत गेले तरी चालेल. नाव असेल तर पेढा द्या, आणि नसेल तरी द्या, कारण वर्षभराचे कष्ट दोन्ही वेळी तेवढेच असतात. मग दुसऱ्या दिवशी सकाळी वही उघडायला सांगा.

विद्यार्थिमित्रांनो, तुम्हाला एवढेच सांगतो. आपल्या या भागातून दरवर्षी तुकोबांची पालखी जाते. उंडवडी, बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर. बेलवाडीच्या रिंगणात अश्व धावतो तेव्हा त्याच्या टापांखालची माती कपाळी लावण्यास सारे धावतात. ती सगळ्यांच्या हाती लागत नाही. परंतु ती मिळाली नाही म्हणून बेलवाडीहून घरी परतलेला वारकरी मी अजून पाहिला नाही. तो दिंडीत आपल्या जागी जातो आणि पुढच्या मुक्कामाकडे चालू लागतो.

अध्यक्ष महाराज, मी नेमून दिलेल्या वेळेपेक्षा अधिक बोललो. एक शेवटची विनंती करून खाली बसतो. आजचा सत्कार आटोपल्यावर कृपा करून कार्यक्रम लगेच समाप्त करू नये. या वर्षी परीक्षेस बसलेल्या, परंतु पत्रिकेत नाव नसलेल्या सर्व मुलांना व्यासपीठावर बोलवावे. मी येताना पुस्तकांचा एक गठ्ठा बरोबर आणला आहे. मोजून आणलेला नाही, तेव्हा कदाचित कमी पडतील. ज्यांना आज मिळणार नाही त्यांनी आपले नाव व गाव मला लिहून द्यावे. त्यांच्या घरी मी स्वतः येईन.